सोफियाला जायचं, पण सर्बियातून नाही

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांच्या प्रवासाच्या प्रश्नांना इथे उत्तरं मिळतात. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या मिरजेच्या. ऑस्ट्रियात लिंझला एका मालवाहतूक कंपनीत ट्रकच्या वाटा आखायचं काम त्या करतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही म्युनिकला असतो. सांगलीच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर आता सोफियाला आहे, आणि गेल्या दिवाळीपासून ‘कधी येताय, कधी येताय’ म्हणून मागे लागलाय. सध्या आई-बाबा आमच्याकडे आलेत. त्यांनाही घेऊन ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आमच्याच गाडीनं निघावं असा विचार आहे. आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. गुगल मॅप लुब्लियाना, झाग्रेब, बेलग्रेड असा रस्ता दाखवतो, साधारण १३५० किलोमीटर. वाटेतला एकही देश पाहिलेला नाही, भाषांचा तर प्रश्नच नाही. पहाटे तीनला निघून दोघांनी आळीपाळीनं चालवली तर एका दमात होईल ना? बायको म्हणाली, आधी ताईंना विचार.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : बायकोचं ऐकलंत, बरं केलंत.

गाडी, टायर, रस्ता हे सगळं नंतर. आधी उठा आणि आई-बाबांचे पासपोर्ट काढा. व्हिसाच्या स्टिकरवर किती वेळा आत येता येईल, त्याचा एक रकाना असतो. तिथे ‘०१’ आहे, ‘०२’ आहे की ‘मल्ट’, ते बघा. मुलाकडे महिना-दोन महिने राहायला आलेल्या आई-वडिलांना पुष्कळदा ‘०१’च मिळतो. तसं असेल तर गुगलचा रस्ता तुमच्यासाठी बंद, असं समजा.

कारण सांगते. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर आपसातल्या हद्दी ओलांडता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत. बल्गेरियाही १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या रस्त्यानं पूर्ण शेंगेनमध्ये आला. मधला सर्बिया नाही. गंमत अशी की सर्बिया आई-बाबांना अडवणार नाही. भारतीयांना २०२३ पासून तिथे व्हिसा लागतो, पण चालू शेंगेन व्हिसा किंवा युरोपियन युनियनमधलं निवासाचं कार्ड असलं की वेगळा लागत नाही. खरी मेख पुढे आहे. क्रोएशियातून बाहेर पडताना बायाकोवोच्या नाक्यावर आई-बाबा शेंगेनबाहेर गेल्याची नोंद होते आणि त्यांचा एकुलता एक प्रवेश तिथेच संपतो. मग नीशवरून पुढे कालोतिनाला, बल्गेरियाच्या दारात, तुम्हा तिघांना ‘या’ म्हणतील आणि आई-बाबांना ‘थांबा’. मागे क्रोएशियातही घेणार नाहीत. बेलग्रेडहून थेट भारताचं तिकीट काढायची वेळ येईल, आणि त्यांच्या गोळ्या-कपडे राहतील म्युनिकच्या कपाटात.

व्हिसा ‘मल्ट’ असेल तर सर्बियातून जायला हरकत नाही. तरी त्यांचा प्रवासी विमा सर्बियात चालतो का, ते बघा. शेंगेनसाठी म्हणून काढलेल्या पॉलिसीत तो देश असेलच असं नाही.

आता ‘०१’ धरून पुढचं सांगते. दुसरी वाट आहे ती व्हिएन्ना, बुडापेस्ट, सेगेद, मग रोमानियात आराद, तिमिश्वारा, ओर्शोवा, द्रोबेता, कॅलाफात. तिथे डॅन्यूब ओलांडली की बल्गेरियातलं विदिन, आणि तिथून सोफिया. साडेपंधराशे किलोमीटरच्या आसपास. दोनशेएक किलोमीटर जास्त पडतात, पण शेंगेनच्या बाहेर चाक जात नाही. रोमानियाही बल्गेरियाबरोबरच आत आलाय. व्हिसावरचे मुक्कामाचे दिवस मात्र या दोन्ही देशांत मोजले जातात, तेव्हा परतीच्या विमानापर्यंतचा हिशेब करून ठेवा.

आता ते ‘एका दमात’. आमचे ड्रायव्हर पट्टीचे असतात, पण त्यांनाही साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि दिवसाला साधारणपणे नऊच तास चालवता येतं. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र त्याची नोंद ठेवतं. तुमच्या गाडीत ते यंत्र नाही, पण मागच्या सीटवर बाबा आहेत. या वयात दर दोन तासांनी उतरावंच लागतं, आणि ते संकोचानं सांगत नाहीत. न विचारता थांबत जा. दोन मुक्काम करा. पहिल्या दिवशी बुडापेस्टपर्यंत, पावणेसातशे किलोमीटर. सगळा औटोबानच आहे, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरा मुक्काम ओर्शोवा किंवा द्रोबेताला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहाला मित्राकडे. घड्याळाचं लक्षात ठेवा: रोमानिया आणि बल्गेरिया जर्मनीच्या एक तास पुढे आहेत.

आणि ऑगस्टचा पहिला शनिवार? नको. बव्हेरियाच्या शाळांना त्याच सुमाराला सुट्टी लागते. १९६१ साली जर्मनीचा तुर्कस्तानशी कामगारांचा करार झाला, तेव्हापासून तिकडच्या माणसांची उन्हाळ्यात गाडीनं गावी जायची रीत पडलीय. टपावर बोचकी बांधून, नातवंडं कोंबून अख्खी कुटुंबं निघतात. आमच्या ऑफिसात जुलै-ऑगस्टच्या शनिवारी वेळेचा वायदा करायचा नाही असा अलिखित नियमच आहे. मंगळवारी नाहीतर बुधवारी निघा.

टोलचं नीट वाचा, सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. जर्मनीत गाडीला टोल नाही. ऑस्ट्रिया, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया या चारही देशांत मुदतीचा पास घ्यावा लागतो. त्याला ऑस्ट्रियात विन्येट म्हणतात, हंगेरीत मात्रित्सा, रोमानियात रोविनिएता. काचेवर काही चिकटवायची गरज नाही, तुमची नंबरप्लेट हाच पास. कॅमेरे तीच वाचतात. म्हणून नंबर टाकताना चष्मा लावा. म्युनिकच्या प्लेटवर ‘एम’ नंतर एक किंवा दोन अक्षरं आणि मग आकडे येतात. त्या अक्षरांत ‘ओ’ असला की दहातले पाचजण शून्य टाकतात, आणि कॅमेऱ्याच्या लेखी त्या गाडीनं पास घेतलेलाच नाही. देशाच्या रकान्यात जर्मनीचा ‘डी’ निवडायचा. कधी कधी फॉर्म आपणहून भलताच देश भरतो. दंडाचं पत्र दीडदोन महिन्यांनी घरी येतं, तेव्हा पावती दाखवूनही फार उपयोग होत नाही.

अजून दोन गोष्टी. रोमानियाचा पास फक्त महामार्गांपुरता नसतो, गावाबाहेरच्या सगळ्या राष्ट्रीय रस्त्यांना लागतो. तेव्हा ‘आम्ही साध्या रस्त्यानं जाऊ’ ही पळवाट चालत नाही. आणि पास सरकारी साइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येतात ते बहुतेकदा दलाल असतात, तोच पास दीडपट भावानं विकतात. ऑस्ट्रिया-हंगेरीचा दहा दिवसांचा घेतलात तर परतीचा दिवस त्यात बसतो का, तेही बोटांवर मोजा. बल्गेरियाचा आठवड्याचा असतो.

गाडीचं थोडक्यात. जर्मनीत जे ठेवावंच लागतं ते, म्हणजे धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट, आहेच; जाकिटं मात्र पाच घ्या, एकाला एक. छोटं अग्निशामक सिलिंडर टाका, तिकडच्या गाड्यांत असतं. विमा कंपनीकडून ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीचा विमा परदेशातही चालतो याचा कागद, मागवून घ्या. नाव हिरवं असलं तरी हल्ली ते पांढऱ्या कागदावर येतं. आडाक या जर्मनीतल्या वाहनचालकांच्या क्लबचं साधं सभासदत्व असेल तर ते प्लस करून घ्या, म्हणजे गाडी बंद पडली तर युरोपभर मदत मिळते. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. डिझेलची गाडी असेल तर रोमानियात पंपावर ‘मोतोरिना’ लिहिलेला पाइप उचला. तिथल्या ‘बेंझिना’ला हात लावू नका, ते पेट्रोल. हंगेरीत आणि रोमानियात गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य आहे, एक बिअरसुद्धा नाही. मित्राची राकिया सोफियात, किल्ली खुंटीला लावल्यावर.

आता रस्त्याबद्दल. तिमिश्वारापर्यंत तुम्हाला वाटेल, उगाच घाबरलो. तिमिश्वारात जेवायला थांबा. १९८९ च्या डिसेंबरात हुकूमशहा चाउशेस्कूच्या विरोधातला उठाव याच गावात सुरू झाला, आणि त्याच्या शंभरएक वर्षं आधी, १८८४ साली, रस्त्यावर विजेचे दिवे लावण्यात हे गाव युरोपात आघाडीवर होतं. चौक मोठे, सावलीचे आहेत. आईंना चालता येईल. लुगोजच्या पुढे महामार्ग सुटतो आणि येण्याजाण्याला एकेकच लेन उरते. कशेडीचा बोगदा होण्याआधीचा मुंबई-गोवा हायवे आठवा, तसंच. पुढे ट्रक, मागे घाई झालेला कोणी, आणि वळणावर ओव्हरटेक करणारा तिसरा. संध्याकाळनंतर दिवे नसलेल्या घोडागाड्या भेटतात. म्हणून हा टप्पा दिवसाउजेडीच उरका, आणि ट्रकमागे राहायची वेळ आली तर खुशाल राहा. ट्रकवाल्याला रस्ता माहीत असतो.

कारान्सेबेश सोडल्यावर दरी अरुंद होत जाते. ओर्शोवाला डॅन्यूब समोर येते ती नदी वाटतच नाही, सरोवर वाटतं. खाली आयर्न गेट्सचं धरण आहे, रोमानिया आणि युगोस्लाव्हियानं मिळून १९७२ साली पुरं केलेलं. त्या पाण्याखाली अदाकाले नावाचं बेट गेलं. बेटावर तुर्कांची वस्ती होती, मशीद होती, बाजार होता. आम्ही एकदा सासूबाईंना घेऊन तिथे थांबलो होतो. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलेलं. मी बेटाचं सांगितलं तर पहिला प्रश्न, “मग माणसं कुठं पाठवली?” बरीचशी तुर्कस्तानला गेली, काही काळ्या समुद्राकाठी कोन्स्तांत्साला. “म्हंजे जमिनी मिळाल्या का न्हाई?” हे मला सांगता येईना. तेवढ्यात बाजूला मधाच्या बाटल्या मांडून बसलेल्या एका बाईशी त्यांचं खुणांनी सुरू झालं. बाई चमच्यावर मध चाटवतेय, या मान हलवतायत, ती दुसरी बाटली उघडतेय. शेवटी बाभळीच्या फुलांचा म्हणून एक पाणीदार पांढरा मध घेतला. तुम्हीही घ्या, पण थोडा घासाघीस करून.

द्रोबेतावरून कॅलाफातला या. तिथला पूल २०१३ साली झाला. रोमानिया आणि बल्गेरियाची हद्द डॅन्यूबवर ४७० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तेवढ्यात पूल दोनच: एक रूसेचा १९५४ चा, दुसरा हा. हा व्हायच्या आधी आमचे ट्रक फेरीबोटीच्या रांगेत दिवस दिवस उभे राहायचे; ड्रायव्हर फोन करून सांगायचे, ताई, आंघोळ उरकून घेतो. पुलाचा टोल पासात येत नाही, वेगळा काही युरो भरावा लागतो. शेंगेन असलं तरी पासपोर्ट डिकीत, बॅगेच्या तळाशी नको. मधूनच तपासणी लागते.

विदिन ते सोफिया दोनशे किलोमीटर आहेत, पण दोन तासांत होत नाहीत, चार धरा. रुंदीकरणाचं काम चालू असतं आणि ट्रकची रांग असते. या पट्ट्यात पंपावरच्या मुलाला ‘फुल करू?’ असं त्यानं विचारल्यावर मान हलवून उत्तर देऊ नका. तिकडे होकाराला मान आडवी हलते आणि नकाराला वर झटकतात. तोंडानं ‘दा’ म्हणा. बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरोच चालतो, त्यामुळे नोटा बदलायची कटकट गेली. हंगेरीचे फोरिंट आणि रोमानियाचे लेउ मात्र थोडे जवळ ठेवा. स्वच्छतागृहाला नाणी लागतात.

आईंचं जेवण तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. हंगेरीत लांगोश मिळेल, तळलेली जाड पुरी, लसूण लावलेली. रोमानियात मामालिगा, मक्याच्या पिठाची, वर चीज आणि साय. बल्गेरियात पोचलात की काळजी संपली. घेवड्याचं सूप, शॉप्स्का सॅलड, आणि तारातोर: दही, काकडी, शेपू, लसूण, अक्रोड, सगळं गार. दही त्यांचं नावाजलेलं आहे. दही लावणारा जिवाणू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरनंच शोधला. एकादशी असेल तर सरळ दही आणि फळं. बनित्सा नाश्त्याला घ्या, पण आत काय भरलंय ते विचारून.

येताना साल्झबुर्गच्या पुढे जर्मनीच्या हद्दीवर पोलीस गाड्या थांबवतात. रविवारी संध्याकाळी तिथे रांग लागते. आई-बाबांचे पासपोर्ट, तुमची निवासाची कार्डं वरच्या खिशात ठेवा.

एवढं सगळं वाचून बाबांचे गुडघे आठवले असतील तर म्युनिकहून सोफियाला विमान आहे, आणि ते शेंगेनच्या आतलंच. आई-बाबांना विमानात बसवून तुम्ही तिघं गाडीनं गेलात तरी चालेल. बाबा ऐकतील का, हे तुम्हाला ठाऊक.

प्रश्न : मी श्टुटगार्टला नोकरी करतो, निवासाचं कार्ड आहे. भाड्याची गाडी घेऊन बेलग्रेडला मैत्रिणीकडे आठवडाभर जायचंय. तिच्याच घरी राहीन. जमल्यास प्रिश्टिनालाही चक्कर मारावी म्हणतो. काही अडचण?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : कार्ड आहे, तर सर्बियाच्या व्हिसाची अडचण नाही. अडचण गाडीची आहे. भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांची गाडी कोणत्या देशात न्यायची याची यादी असते. सर्बिया त्यात बऱ्याचदा नसतो, असला तर जास्तीचे पैसे असतात, आणि महागड्या गाड्यांना तर सरळ मनाईच. हे काउंटरवरच्या मुलाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका, भाड्याच्या करारात देशाचं नाव लिहून घ्या आणि ग्रीन कार्ड हातात घ्या. न सांगता नेलीत आणि कुठे घासली, तर विमा हात वर करतो.

मैत्रिणीकडे राहणार म्हणून एक जास्तीचं काम. सर्बियात परदेशी माणसानं पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे पत्ता नोंदवायचा असतो. हॉटेलात ते हॉटेलवाले करतात, घरी उतरलात तर घरमालकानं करायचं. त्याच्या कागदाला तिकडे ‘बेली कार्तोन’, पांढरं कार्ड, म्हणतात. मैत्रीण भाड्यानं राहत असेल तर तिनं मालकाला आधीच सांगून ठेवावं. ऐन वेळी मालक समुद्राकाठी गेलेला असतो.

फोनचं डेटा रोमिंग बायाकोवोच्या आधी बंद करा. युरोपियन युनियनमधलं घरच्या दराचं रोमिंग सर्बियाला लागू नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा, झाग्रेबपासून फार लागणारही नाही. तो रस्ता दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणांच्या पथकांनी श्रमदानानं बांधला, टिटोच्या काळात त्याला ‘बंधुता आणि एकता’ असं नाव होतं, आणि तो इतका सरळ आणि सपाट आहे की झोप लागते. कॉफी घ्या. टोल क्रोएशियात आणि सर्बियात नाक्यांवर भरायचा. सर्बियात युरो घेतात, पण सुटे दिनारमध्ये मिळतात.

प्रिश्टिना कोसोव्होत आहे, आणि सर्बिया कोसोव्होला वेगळा देश मानत नाही. तिथे जायचंच असेल तर सर्बियातून जा आणि त्याच वाटेनं सर्बियात परत या. उत्तर मॅसिडोनिया किंवा अल्बानियाकडून कोसोव्होत शिरून मग सर्बियात आलात तर त्यांच्या लेखी तो बेकायदा प्रवेश ठरतो. आणि भाड्याच्या करारात कोसोव्हो वेगळा लिहिलेला असायला हवा. मला विचाराल तर गाडी बेलग्रेडलाच ठेवून बसनं जा.

मैत्रिणीला खाऊ नेणार असाल तर चिवडा, चकल्या पाहिजे तेवढ्या न्या. परत येताना तिच्या आईनं कायमाक किंवा घरचं चीज बांधून दिलं तर तिथेच खाऊन संपवा. बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि नाक्यावर डबे उघडून बघतात.

प्रश्न : मी पुण्यात असते. मुलीची मैत्रीण व्हिएन्नात आहे, आम्ही दोघी तिच्याकडे जाऊन तिथून गाडी भाड्यानं घेऊन लुब्लियानाला जाणार आहोत. भारतातलं लायसन्स चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नुसतं नाही. निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. अर्ज ऑनलाइन होतो, एक वर्ष चालतं. मूळ लायसन्स सोबत हवंच, एकट्या परमिटला काही अर्थ नाही. गाडी चालवणाऱ्या दोघी असतील तर दोघींची नावं भाड्याच्या करारात घाला. स्लोव्हेनियाचा पास ऑस्ट्रियाच्या पासाहून वेगळा आहे, आठवड्याचा मिळतो, तोही नंबरप्लेटवरच. गाडीचा नंबर हातात आल्याशिवाय तो घेऊ नका.